फॅशनच्या जाहिरातीत कपडा दिसतो कुठे?

सुईदोरा

सध्या अंगावर काय चाललंय ते बघा. ढगळ जीन्स, खांद्यावरून ओघळणारे ब्लेझर, गुडघ्याशी फुगून घोट्याशी निमुळती होणारी बॅरल जीन्स, मध्येच नव्वदच्या दशकातले आखूड टॉप. यातल्या बहुतेक कपड्यांच्या जाहिराती मी पाहिल्या आहेत. कापड जाड की पातळ, धुतल्यावर आटेल का, शिवणीत माया किती सोडली आहे, यातलं एकाही जाहिरातीवरून कळलं नाही. कळलं ते एवढंच, की हे कुठल्या सेलिब्रिटीने घातलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडीत नटी बसली म्हणून गाडीचा आकार बदलत नाही. कपड्याचं तसं नाही. जाहिरातीतला कपडा त्या एका अंगासाठी बेतलेला असतो. फोटो काढताना तो पाठीमागून चिमटे लावून आवळतात, बाही उसवून पुन्हा बसवतात, पँटची उंची त्या दिवशीच्या बुटांप्रमाणे दुमडतात. उरलेल्या सुरकुत्या नंतर संगणकावर जातात. आपल्या हातात येतो तो एस-एम-एल मापातला, सगळ्यांना थोडा थोडा न बसणारा. म्हणजे इथे प्रसिद्ध चेहरा वस्तूकडे नुसतं लक्ष वेधत नाही, वस्तूच वेगळी करून दाखवतो.

मॉडेललाही चिमटे असतातच. पण मॉडेल कामावर आहे हे पाहणाऱ्याला माहीत असतं. नटीच्या बाबतीत "ती असंच घालते" असा समज आपसूक होतो, आणि पैसे त्या समजासाठीच मोजलेले असतात. म्हणून कपड्यांच्या जाहिरातीत सेलिब्रिटी नकोत, असं माझं मत. उलट बाजू ऐकायची आहे.

निळीशाई

साफ असहमत. चेहऱ्याशिवाय फॅशन कधी होती ते सांगा. चार्ल्स वर्थ हा पॅरिसमधला पहिला मोठा फॅशन डिझायनर मानला जातो. १८६० च्या सुमारास ऑस्ट्रियाचे राजदूत मेटर्निख यांच्या पत्नीने त्याचा झगा घालून फ्रान्सच्या दरबारात प्रवेश केला, तो सम्राज्ञी युजेनीच्या नजरेत भरला आणि वर्थचं नशीब फळफळलं. १८८० च्या दशकात लिली लँग्ट्री या नटीने पेअर्स साबणाची जाहिरात केली. ऑड्री हेपबर्नसाठी बनवलेला सेंट जिवान्शीने १९५७ मध्ये बाजारात आणला. १९८४ मध्ये नायकेने मायकेल जॉर्डन या नवख्या खेळाडूशी करार केला, पुढच्या वर्षी त्याच्या नावाचा बूट आला आणि पहिल्या वर्षाची विक्री १० कोटी डॉलरच्या वर गेली.

कोणाच्या तरी अंगावर पाहूनच आपल्याला कपडा हवासा वाटतो. चुलत बहिणीच्या अंगावर पाहिला तर निरागस आणि नटीच्या अंगावर पाहिला तर फसवणूक, असं कसं?

उसवण

सुईदोरा, +१.

निळीशाई, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिवताय. युजेनी वर्थची गिऱ्हाईक होती. चुलत बहिणीनेही स्वतः पैसे देऊन कपडा घेतलेला असतो आणि विचारलं तर "काखेत काचतो गं" असं खरं सांगते. करार केलेल्या ब्रँड अँबेसेडरला काचलं तरी सांगता येत नाही. रेड कार्पेटवरचे बहुतेक पोशाख तर उसने असतात, रात्र संपली की परत. त्या पोशाखाबद्दलचं त्या बाईचं खरं मत आपल्यापर्यंत कधी पोचणार?

गेल्या वर्षीचंच घ्या. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन ईगल या कपड्यांच्या कंपनीने सिडनी स्वीनी या नटीला घेऊन जीन्सची जाहिरात केली, 'जीन्स' म्हणजे पँट आणि 'जीन्स' म्हणजे जनुकं अशी कोटी करून. नंतर कित्येक दिवस वाद झाला तो वंश, निळे डोळे आणि राजकारण यांवर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीही त्यात तोंड घातलं. डेनिम कसं होतं, हे कोणी विचारलं?

टाचणी

कंपनीचा शेअर मात्र वर गेला. म्हणजे ज्या कामासाठी जाहिरात केली ते झालं.

भावना बाजूला ठेवून जरा हिशोब बघू. सुईदोरांचा चिमट्यांचा मुद्दा खरा आहे, पण मोठ्या फॅशन हाउसच्या धंद्याला तो फारसा लागूच पडत नाही. गाउन हा देखावा असतो. गल्ला भरतो तो सेंट, चष्मे, बॅगा, लिपस्टिक यांवर. २००४ मध्ये निकोल किडमनला घेऊन शनेलने चित्रपटासारखी जाहिरात केली, ती सेंटची. २०१२ मध्ये त्याच सेंटसाठी ब्रॅड पिट आला, बायकांच्या त्या सेंटचा पहिला पुरुष चेहरा. सेंटला ना बाही, ना कंबर. पडद्यावरून वासही येत नाही, मग दाखवणार काय?

दीपिका पदुकोण २०२२ मध्ये लुई व्हिटॉनची आणि आलिया भट २०२३ मध्ये गुचीची अँबेसेडर झाली, दोन्ही ठिकाणी पहिली भारतीय म्हणून. कोरियन बँडमधली मुलं-मुली डिओर आणि शनेलकडे आहेत. यात कपडा कोणाला बसतो हा प्रश्नच नाही. नवीन देशात दुकान उघडायचं तर तिथे आधीच ओळखीचा असलेला चेहरा भाड्याने घ्यायचा, इतका साधा व्यवहार आहे.

सुईदोरा

टाचणी, बॅगेला माप नसतं हे मान्यच आहे. पण मग गाउन दाखवून बॅग विकली जाते हेही तुम्हीच सांगितलंत. मी बोलतेय ते साध्या कपड्यांबद्दल. जीन्स, शर्ट, रोज धुवायचे कपडे. स्वस्त साखळी दुकानंही आता तेच करतात. फॅशन हाउसचा नफा एवढा की चेहऱ्याची बिदागी त्यात सहज मुरते. चार धुण्यांत गळा सैल होणाऱ्या टी-शर्टच्या बाबतीत मला वाटतं ती बिदागी कापडातून आणि शिलाईतून कापली जाते.

निळीशाई

"मला वाटतं" हा पुरावा नव्हे. चेहरा नसलेले टी-शर्टही चार धुण्यांत सैल होतात. ऑनलाइन अतिस्वस्त कपडे विकणाऱ्या कंपन्यांना तर अब्जाधीश तारकांची गरजही लागत नाही, हजारो छोटे इन्फ्लुएन्सर पुरतात. पिशवी फोडून पंधरा कपडे घालून दाखवायचे आणि पुढच्या पिशवीकडे वळायचं. त्यापेक्षा वर्षभर एकाच फॅशन हाउसशी बांधलेली नटी बरी नाही का?

आडवातिडवा

या थोर चर्चेत मला फक्त उलट्या जाहिराती आठवतात.

२०११ मध्ये अबरक्रोम्बी अँड फिच या कंपनीने एका रिअॅलिटी शोमधल्या माणसाला जाहीरपणे पैसे देऊ केले होते, कशासाठी, तर आमचे कपडे घालू नकोस म्हणून! एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाचे ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक आदिदासचे सांबा बूट घालून मुलाखतीला बसले. तोवर तो बूट म्हणजे फॅशनचा कळस होता. लोकांनी दुसऱ्या दिवशी त्याचं तेराव्याचं जेवण घातलं, आणि सुनक यांना गमतीत सगळ्या सांबाप्रेमींची माफी मागावी लागली.

रच्याकने, १९३४ च्या एका चित्रपटात क्लार्क गेबलने शर्ट काढला, आत बनियन नव्हतं, आणि अमेरिकेत बनियनचा खप कोसळला, ही गोष्टही मोठी गोड आहे.

टाचणी

गोड आहे, पण दंतकथा आहे. खप कोसळल्याचा भरवशाचा आकडा कोणी दाखवलेला नाही. जाहिरातवाल्यांना मात्र ती फार आवडते, कारण तिच्या जोरावर पुढचा करार विकता येतो.

सुनक यांचं उदाहरण कामाचं आहे. चेहरा ट्रेंड पेटवतो तसा विझवतोही, आणि तो कोणाच्या ताब्यात नसतो. मार्च २०२३ मध्ये ग्वेनेथ पॅल्ट्रो ही नटी स्कीइंगच्या अपघाताच्या खटल्यासाठी युटामधल्या कोर्टात हजर राहिली. बिनालोगोचे, मऊ रंगांचे महागडे स्वेटर आणि कोट. 'क्वाएट लक्झरी'वर जगभर लेख आले. तिथे जाहिरात नव्हती, आरोपीचा पिंजरा होता म्हणा ना. आता सुईदोरांच्या बंदीने याचं काय करायचं?

उसवण

काहीच नाही, ते चालू द्या. प्रश्न कराराचा आहे.

आणि कराराचा तोटाही कंपनीच भोगते. आदिदासने कान्ये वेस्ट या रॅपरबरोबर बुटांचा एवढा मोठा डोलारा उभा केला. त्याने ज्यूंविरुद्ध गरळ ओकली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये करार तोडावा लागला. गोदामं भरलेली राहिली, तो माल टप्प्याटप्प्याने विकावा लागला, आणि २०२३ मध्ये कंपनीने ३० वर्षांत प्रथमच वार्षिक तोटा दाखवला. बुटाचा तळवा तोच, वीण तीच, तरी माल विकावा की जाळावा याची चर्चा. एका माणसाच्या तोंडावर धंदा उभा केला की असंच होणार.

आता तर चेहरे डिझायनरच्या खुर्चीतही बसू लागलेत. लुई व्हिटॉनच्या पुरुषांच्या कपड्यांची सूत्रं २०२३ मध्ये फॅरल विल्यम्स या गायकाकडे गेली. ज्यांनी आयुष्य पॅटर्न कापण्यात घातलं त्यांनी काय करायचं?

निळीशाई

त्याच्या आधी त्या खुर्चीत बसलेला व्हर्जिल अबलोह वास्तुशास्त्र शिकलेला होता, त्याच्यावरही हीच टीका झाली होती. दिग्दर्शकाने कॅमेरा उचललाच पाहिजे असं नसतं. कापणारे हात अजून तिथेच आहेत.

प्रसिद्ध माणसाचा उपयोगही बघा. हर्मीस या फॅशन हाउसच्या प्रसिद्ध बॅगेला जेन बर्किन या नटी-गायिकेचं नाव आहे. २०१५ मध्ये मगरींना क्रूरपणे मारल्याचे आरोप तिच्या कानावर आले, तेव्हा तिने मगरीच्या कातड्याच्या बॅगेवरून माझं नाव काढा असं जाहीरपणे सांगितलं. कंपनीला चौकशी करावी लागली, उत्तर द्यावं लागलं. तेच पत्र तुम्ही-आम्ही पाठवलं असतं तर?

उसवण

हे उदाहरण दुर्मिळ आहे म्हणून तर लक्षात राहतं. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा कोसळला, ११०० हून अधिक माणसं गेली. पाश्चात्त्य ब्रँडचे कपडे शिवणारी माणसं. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं. हे कपडे कुठल्या इमारतीत शिवले जातात, असं सही करण्यापूर्वी विचारणारे अँबेसेडर किती असतील? बर्किनने निदान मगरीबद्दल विचारलं.

निळीशाई

विचारायला हवं, शंभर टक्के. पण ज्याला विचारायला लावता येईल असा कोणीतरी नाव असलेला माणूस जाहिरातीत आहे, हा माझ्या बाजूचा मुद्दा झाला. अनामिक मॉडेलला जाब कोण विचारणार, आणि का विचारावा?

चालरॅम्प

मॉडेलचा विषय निघालाच आहे तर. काही वर्षं हे काम केलंय, म्हणून दोन शब्द.

चिमटे खरे असतात. पाठ कधी दाखवायची नाही हे पहिल्याच दिवशी शिकवतात. नव्वदच्या दशकात मासिकांची मुखपृष्ठं आणि सेंटचे मोठे करार मॉडेलकडे होते, पुढे ते नट्यांकडे गेले. आमच्या वाट्याला कॅटलॉग उरला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर कपडे घालायचे-काढायचे, तेही हिवाळ्यात उन्हाळ्याचे. नाव नाही, पण घरखर्च त्यावर चालायचा.

आता तोही निघालाय. मार्च २०२५ मध्ये एच अँड एमने ३० मॉडेलच्या डिजिटल प्रतिकृती बनवणार असं जाहीर केलं, मॉडेलची परवानगी आणि मोबदला ठरवून. त्यानंतर काही महिन्यांत व्होग मासिकाच्या अमेरिकन अंकात गेस कंपनीची जाहिरात आली, त्यातली बाई एआयने बनवलेली, अस्तित्वातच नव्हती. मोबदल्याचा प्रश्नच मिटला. मेकअपवाली, केस करणारी, इस्त्री करणारा पोऱ्या, सगळेच कटाप. तुम्ही सेलिब्रिटी हव्या की नको यावर भांडताय, त्या सगळ्यांत टिकतील अशा त्याच एकट्या आहेत.

टाचणी

बरोबर. बनावट चेहरे फुकटात मिळायला लागले की खऱ्या, ओळखीच्या चेहऱ्याचा भाव चढणार.

फ्रान्सने यावर थोडं काम केलंय. मॉडेलचा बांधा संगणकावर बारीक किंवा जाड केला असेल तर जाहिरातीवर 'रिटच केलेलं छायाचित्र' असं लिहिणं तिथे १ ऑक्टोबर २०१७ पासून बंधनकारक आहे. २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठीही तसाच कायदा आला. बंदीपेक्षा ही वाट मला पटते.

सुईदोरा

त्या कायद्यात संगणक पकडला जातो, चिमटे सुटतात. माझी मागणी एवढी: ऑनलाइन दुकानात मॉडेलची उंची आणि तिने घातलेलं माप लिहितात, तसं तारकेच्या फोटोखालीही लिहा.

निळीशाई

म्हणजे तिच्या कंबरेच्या आकड्यावर आणखी महिनाभर चघळायला विषय. बायकांच्या अंगाची चर्चा कमी होती का? कपड्यात फोटोसाठी फेरफार केलाय एवढं लिहायला लावा, आकडे नकोत.

आणि चालरॅम्प सांगताहेत ते ऐकल्यावर तुम्हाला निदान हाडामांसाची नटी बरी वाटायला हरकत नाही. त्या बनावट बाईच्या अंगावरचा कपडा तर कोणी शिवलेलाही नसतो.

सुईदोरा

आकडे नकोत हे ठीक. फेरफाराचं वाक्य मात्र वाचता येईल अशा अक्षरात हवं, कोपऱ्यात मुंगीएवढं नको.

बाकी नाही, बरी वाटत नाही. न शिवलेला कपडा दाखवणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे, त्याने पहिला माफ होत नाही. चालरॅम्प, कॅटलॉगसाठी कपडे यायचे ते दुकानातलेच असायचे, की फोटोपुरते वेगळे शिवलेले?

चालरॅम्प

बहुतेकदा नमुने. म्हणजे सॅम्पल. कारखान्यात माल निघायच्या आधी एकाच मापात शिवलेले, त्या मापाच्या मुलींनाच बोलावायचे. नंतर दुकानात गेल्यावर कापड बदललेलं दिसायचं कधीकधी. बटणं तर हमखास.

आडवातिडवा

बटणांसाठी वेगळा धागा काढा. मी येतो.