सोलमध्ये एक सत्र: बाजार, संग्रहालयं आणि खिशातली कागदपत्रं

एका सत्रासाठी सोलला निघालेल्या मुलामुलींसाठी हा धागा. प्रवासवर्णन नाही. कुठे उतरायचं, सोबत काय ठेवायचं आणि कुठे चुकतं, तेवढंच नेमकं.

• सुरुवात टी-मनी कार्डाने करा, म्हणजे बस आणि मेट्रोचं भाडं भरायचं कार्ड. कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतं. त्यात पैसे भरायला रोख नोटा जवळ ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी बँकेचं कार्ड चालत नाही. बसमधून उतरताना कार्ड पुन्हा टेकवायचंच. ते राहिलं की पुढच्या मेट्रोला बदलीची सवलत मिळत नाही आणि नवं भाडं कापलं जातं. बदलीसाठी ३० मिनिटं असतात. रस्ता शोधायला नेव्हर मॅप हे ॲप घ्या. स्टेशनच्या कितव्या दारातून बाहेर पडायचं तेही तो सांगतो, आणि चुकीच्या दाराने निघालात तर आठपदरी रस्त्याच्या पलीकडे उगवता.

• राष्ट्रीय संग्रहालय: इचॉन स्टेशन, दार क्र. २. कायमस्वरूपी दालनं फुकट, खास प्रदर्शनांना तिकीट. बुधवारी आणि शनिवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं, त्यामुळे वर्ग संपवूनही जाता येतं. तळमजल्यावर ग्यॉन्चॉन्सा मठाचा दहामजली संगमरवरी पॅगोडा आहे, १३४८ सालचा, १३.५ मीटर उंच. खालून वरचे मजले नीट दिसत नाहीत, म्हणून तिसऱ्या मजल्यावरूनही पाहा. दुसऱ्या मजल्यावरच्या चिंतन दालनात ध्यानमग्न बोधिसत्त्वांच्या दोनच मूर्ती आहेत. मध्ये काच नाही, मागूनही फिरता येतं. गालाजवळ आलेली बोटं सगळे बघतात. तुम्ही मांडीवर घेतलेल्या उजव्या पायाची बोटंही बघा, सगळं शरीर निवांत असताना ताण तिथे आहे. या एका खोलीला अर्धा तास द्याच.

• सुट्टीचे वार वहीत लिहून ठेवा. ग्यॉन्बोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद. युद्ध स्मारक आणि सोल इतिहास संग्रहालय सोमवारी बंद. राजवाड्याचं तिकीट ३,००० वॉन, हानबोक (पारंपरिक कोरियन पोशाख) घातला असेल तर माफ. आधुनिक कला संग्रहालयाच्या सोल शाखेत विद्यापीठीय विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत, फक्त ओळखपत्र दाखवावं लागतं. युद्ध स्मारकात (सामगाक्जी स्टेशन) आपल्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सची आठवण ठेवून जा. कोरियन युद्धात भारताने पाठवलेलं ते वैद्यकीय पथक.

• आता खरेदी. एक्सप्रेस बस टर्मिनल स्टेशनखालच्या गोटो मॉलमध्ये कपडे स्वस्त, पण बहुतेक दुकानांत घालून बघू देत नाहीत आणि बदलूनही देत नाहीत. ‘फ्री साइझ’ म्हणजे बारीक अंगाचीच समजा. खांद्याचं आणि छातीचं माप सेंटिमीटरमध्ये लिहून टेप सोबत न्या. बुटांचे आकडे मिलिमीटरमध्ये असतात: २५०, २६०. टाच भिंतीला लावून पाऊल मोजा, रुंद पावलाला ५ जास्त घ्या.

• खरेदीवरच्या कराच्या परताव्यात विद्यार्थी हमखास चुकतात. एका पावतीवर किमान १५,००० वॉनची खरेदी हवी, मूळ पासपोर्ट हवा, देशात येऊन सहा महिने झालेले नकोत आणि खरेदीपासून तीन महिन्यांत वस्तू देशाबाहेर जायला हवी. म्हणजे चार महिन्यांच्या सत्रात पहिल्याच आठवड्यात घेतलेल्या जाकिटावर परतावा बसत नाही. मोठी खरेदी शेवटाकडे ठेवा. विमानतळावर आधी परताव्याच्या यंत्राकडे जा, बॅग त्यानंतर द्या. कस्टम्सने सामान बघायला मागितलं आणि ते आधीच पट्ट्यावरून गेलं असेल तर इलाज नाही.

• चष्मा करायचा असेल तर नामदेमुन बाजार, होएह्यॉन स्टेशन, दार क्र. ५. साध्या नंबरचा बहुधा तासाभरात मिळतो. रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

• शाकाहाऱ्यांसाठी: ग्वांगजांग बाजारातलं बिन्देत्तॉक म्हणजे भिजवलेल्या मुगाचं जाड धिरडं, समोरच जात्यावर वाटतात. पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं आणि किमचीत (आंबवलेल्या भाजीत) मासळीचा रस. ‘गोगी पे जुसेयो’ म्हटलं की मांस वगळतात, किमचीचं वेगळं विचारावं लागतं. तवा मात्र तोच.