शाफ्ट ड्राइव्हचं मागचं गियर ऑइल बदलतोय: चुंबकावर गाळ, स्प्लाइनवर तांबूस पूड. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मागचा टायर बदलायचाच होता, म्हणून लगे हात फायनल ड्राइव्हची (मागच्या चाकाजवळच्या गियरपेटीची) सर्व्हिसही उरकायला घेतली आहे. गाडी जुनी टूरर (लांब पल्ल्याची मोटरसायकल), शाफ्ट ड्राइव्हची (चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालतं), सेकंडहँड घेतलेली. मागचं ऑइल आधी कधी बदललं होतं याची कुठेही नोंद नाही. इंजिन ऑइल, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट ही कामं मी घरीच करतो, पण शाफ्टच्या गाडीला पहिल्यांदाच पाना लावतोय.

गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट केलं, डबल स्टँडवर घेतली. आधी भरायचा बोल्ट उघडतोय याची खात्री केली आणि मगच खालचा ड्रेन बोल्ट काढला (खालचा आधी काढला आणि वरचा जाम निघाला, तर बसा बोंबलत). ऑइल काळपट राखाडी आलं, गंधकाचा उग्र वास, पण दुधाळ नाही. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी गाळाचा बऱ्यापैकी जाड थर आहे. बोटांत चोळला तर खरखर लागत नाही, पण उन्हात धरला की चमकतो. हे दाते झिजल्याचं लक्षण समजायचं का?

दुसरं म्हणजे, चाक ओढून काढल्यावर हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आणि ड्राइव्हच्या स्प्लाइन, म्हणजे एकमेकांत बसणारे खाचा-दाते, अगदी कोरड्या दिसल्या. खाचांमध्ये तांबूस पूड साठली आहे, ग्रीसचा मागमूस नाही. गियर केसमध्ये ऑइल होतं, मग इथे का पोचलं नाही?

ऑइलचाही घोळ आहे. मॅन्युअल म्हणतं हायपॉइड गियर ऑइल, जीएल-५ (हा दर्जा), ८०डब्ल्यू-९० (हा दाटपणा). ओळखीचे एक जण म्हणतात जीएल-५ पितळ खातं, जीएल-४ घाल. दुसरे म्हणतात इंजिन ऑइलच ओत, काही होत नाही. कुणाचं ऐकू?

तेलकट_बाही

गाळाची चिंता सोडा. बारीक राखाडी पेस्ट म्हणजे दात्यांची नेहमीची झीज. ती धरायलाच चुंबक दिलेलं असतं, आणि ऑइल वर्षानुवर्षं बदललं नसेल तर थर जाड असणारच. नखाने उचलता येईल असा तुकडा, पापुद्रा किंवा सुईसारखी किरची मिळाली तर मात्र थांबा, ते बेअरिंगचं किंवा दात्याचं असू शकतं. निघालेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळून एकदा बघाच.

मला काळजी वाटते ती तुमच्या स्प्लाइनची. बऱ्याच गाड्यांत गियर ऑइल सीलच्या आतच राहतं, चाकाच्या स्प्लाइनपर्यंत पोचायला त्याला वाटच नसते. तिथे वंगण लागतं ते फक्त चाक काढल्यावर, हाताने. टायर बदलणारा चाक काढतो, पुसतो, तसंच बसवतो आणि स्प्लाइन कोरड्याच राहतात. तांबूस पूड म्हणजे धातूवर धातू बारीक हलत घासून झालेला गंज. शाफ्टला मेंटेनन्स नाही, या गोड समजुतीत खूप हब गेले आहेत राव.

पूड ब्रशने आणि रॉकेलने साफ करा, मग दाते नीट बघा. माथा सपाट असेल तर ठीक. करवतीसारखे टोकदार झाले असतील तर हब बदलावा लागेल, ग्रीसने काही होणार नाही.

नव्वद_नंबर

ऑइलसाठी मॅन्युअलच ऐका. या गियरचे दाते एकमेकांवर फक्त लोळत नाहीत, घसरतातही. त्या दाबाखाली ऑइलचा थर फाटतो, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. पितळाची भीती खरी आहे, पण ती सिंक्रोनायझरवाल्या (गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या असलेल्या) गियरबॉक्ससाठी. तुमच्या ड्राइव्हमध्ये ते नाहीतच, कंपनीने जीएल-५ सांगितलंय ते उगाच नाही.

इंजिन ऑइलवाल्यांचा गोंधळ आकड्यांचा असतो. गियर ऑइलचे आकडे वेगळ्या पट्टीवर मोजतात. गियरचं ९० नंबर दाटपणाला साधारण इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच असतं. म्हणून ‘सारखंच तर आहे’ असं वाटतं. दाटपणा सारखा असेल, पण ती दाब झेलणारी रसायनं त्यात नसतात.

किती भरायचं ते गाडीनुसार. अनेक गाड्यांत गाडी सरळ उभी ठेवून भोकाच्या खालच्या काठापर्यंत, पण काहींत मोजूनच घालायचं असतं. बीएमडब्ल्यूच्या काही बॉक्सर मॉडेलना १८० मिलीच लागतं. तिथे काठोकाठ भरलं तर ऑइल तापून फुगतं आणि श्वासनळीतून (ब्रीदर, केसमधली हवा जायची वाट) नाहीतर सीलमधून बाहेर येतं. बाहेर म्हणजे मागच्या टायरवर! ब्रीदरचं भोकही चिखलाने बुजलेलं नाही ना, बघून घ्या.

मूळ धागाकर्ता

धन्यवाद दोघांना. ऑइल फडक्यातून गाळलं, तुकडा एकही नाही. स्प्लाइन साफ केल्या. दात्यांचे माथे सपाट आहेत, एका बाजूला फक्त किंचित पॉलिश झाल्यासारखी कड दिसते, नखाला अडत नाही. हबमधला ओ-रिंग (रबरी कडं) मात्र कडक होऊन चिरलाय. आता स्प्लाइनला काय लावू? माझ्याकडे बेअरिंगचं लिथियम ग्रीस आहे.

तेलकट_बाही

मग वेळेत पकडलंत. लिथियम ग्रीस फिरताना फेकलं जातं. मॉलिब्डेनमची (मॉलीची) पेस्ट घ्या. ‘मॉली ग्रीस’ नव्हे, त्यात मॉली अगदी थोडं असतं. अनेक मॅन्युअल ४० टक्क्यांहून जास्त मॉलीची पेस्ट सांगतात. ग्रीस निघून गेलं तरी मॉलीचा काळा थर धातूला धरून राहतो. पातळ लेप द्या, ब्रशने दात्यांच्या मुळापर्यंत. जास्त लावलं तर ब्रेक डिस्कवर उडेल. ओ-रिंग नवाच टाका, धूळ-पाणी तोच अडवतो. हबमधले रबरी डँपरही (धक्के शोषणारे ठोकळे) दाबून बघा.

नव्वद_नंबर

ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला आणि टॉर्क रेंचनेच आवळा. केस ॲल्युमिनियमची आहे. जोर लावला तर आटे जातात आणि मग पाच मिनिटांचं काम आठवड्याचं होतं. चाक चढवल्यावर वरून-खालून धरून हलवा. खटखट लागली तर बेअरिंगकडे बघावं लागेल. गियरमध्ये टाकून चाक पुढे-मागे केल्यावर थोडी ढील जाणवेल, ती दात्यांमधली असते, घाबरू नका.

मूळ धागाकर्ता

चाक आत्ता काढलेलंच आहे, म्हणून ड्राइव्हची फ्लँज (चाक जिच्यावर बसतं तो भाग) हलवून पाहिली, खटखट नाही. ओ-रिंग आणि पेस्ट मागवली आहे, ती येईपर्यंत चाक चढवत नाही. शाफ्टच्या पुढच्या टोकाला, गियरबॉक्सकडच्या जोडालाही हीच पेस्ट लागते का?

तेलकट_बाही

तिथेही स्प्लाइन असेल तर बहुतेक गाड्यांत हीच. पण त्यासाठी ड्राइव्ह केस स्विंगआर्मपासून (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापासून) सोडवावी लागते. सोडवलीत तर केसचे नट आधी हलकेच ठेवा, चाक आणि एक्सल बसवून एक्सल आवळा, मग केसचे नट आवळा, म्हणजे ड्राइव्ह एक्सलच्या रेषेत बसतो. शाफ्टच्या जोडावरच्या रबरी बुटात (आवरणात) ऑइल साठलेलं दिसलं तर पिनियनचा (ड्राइव्हमधल्या छोट्या गियरचा) सील गळतोय. त्याचा वेगळा धागा काढा, फोटोसकट.