वाणांची विविधता: शेतात टिकवायची की पेढीत?

बीजराखण
पिकांची विविधता जनुकपेढ्यांनी, म्हणजे बियाणं थंडीत जपून ठेवणाऱ्या संस्थांनी, सांभाळावी आणि शेतकऱ्याने जास्त उत्पन्न देणारं एकच वाण पेरावं, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेत १९७० साली मक्याचं काय झालं ते बघा. संकरित बियाणं तयार करताना मादी ओळींचे तुरे, म्हणजे परागकण देणारे नर फुलोरे, खुडावे लागत. 'टेक्सास' नावाचं नरवंध्य पेशीद्रव्य (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग, ज्यामुळे तुऱ्यात कामाचे परागकण तयारच होत नाहीत) हाती आलं आणि खुडणीची मजुरी वाचली. कंपन्या वेगळ्या, वाणांची नावं वेगळी, पण देशातल्या बहुतेक मक्याच्या पोटात पेशीद्रव्य तेच. मग करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार आला. त्याचं विष नेमकं याच पेशीद्रव्याला बाधायचं. एका हंगामात सुमारे १५ टक्के पीक गेलं. दुकानात दहा नावं दिसली म्हणजे शेतात विविधता आली, असं होत नाही.

भरघोस
पुढचा भागही सांगा. साध्या पेशीद्रव्याचं बियाणं पैदासकारांकडे शिल्लक होतं, तुरे पुन्हा खुडायला लागले आणि संकट लवकर ओसरलं. म्हणजे तारलं ते जपून ठेवलेल्या साठ्यानेच.

दुसरं असं की भात, गहू आणि मका या तीन पिकांतून माणसाला वनस्पतींपासून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी जवळपास निम्मे मिळतात. बुटक्या गव्हाने उत्पन्न वाढवलं नसतं, तर तेवढ्याच धान्यासाठी कितीतरी जास्त जमीन नांगराखाली घ्यावी लागली असती. ती कुठून आणली असती? रानं आणि कुरणं मोडूनच ना? विविधतेच्या नावाखाली कमी पिकणारी वाणं पसरवली, तर रानातली विविधता आपण स्वतःच संपवू.

रानवाट
रानाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. भात खुरटवणाऱ्या 'ग्रासी स्टंट' या विषाणूने आशियात धुमाकूळ घातला, तेव्हा फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती ओरायझा निव्हारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात, तोही उत्तर प्रदेशातून गोळा केलेला. या भाताला लांब कुसळं असतात, दाणा पिकला की लोंबीतून गळून पडतो. शेतकरी तो तण म्हणून उपटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण तोच गुण १९७६ च्या आयआर ३६ या वाणात उतरला आणि ते वाण कोट्यवधी एकरांवर गेलं. यातलं कुठलं गवत उद्या लागेल, हे आज कोण सांगणार?

भरघोस
तो नमुनाही पेढीत होता म्हणूनच तपासता आला. माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध करताय.

बीजराखण
पेढी हवीच, तिच्यावर माझा राग नाही. पण उणे १८ अंशांवरचं बी झोपलेलं असतं. बाहेर बुरशी बदलते, उन्हाळे बदलतात, ते बी मात्र गोळा केलं त्या वर्षातच थांबलेलं. शेतातलं वाण दर हंगामात निवडलं जातं. शिवाय नारळ, कोको, रबर यांचं बी वाळवलं की मरतं. ते शीतपेटीत ठेवणार कसं? त्यांची जिवंत झाडंच राखावी लागतात.

पूररेषा
ओडिशातलं एफआर १३ए हे भाताचं वाण पूर येणाऱ्या शेतांतच घडलं. पाण्याखाली गेलं की इतर भात वर येण्यासाठी उंच वाढत सुटतो आणि साठवलेली शक्ती संपवून बसतो. हे वाण वाढ थांबवून गप्प राहतं आणि पाणी उतरलं की पुन्हा फुटतं. त्यातलं सब१ए जनुक आता स्वर्णा-सब१ या भाताच्या वाणात आहे आणि दोन आठवड्यांच्या बुडीतही ते तग धरतं. हे वाण पिढ्यान् पिढ्या पेरत राहिलेल्या शेतकऱ्यांना त्याचा काय मोबदला मिळाला, हा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो.

भरघोस
इथे आपलं जमतंय. लहान शेतकऱ्याने जगासाठी फुकट राखणदारी करायची आणि स्वतः कमी कमवायचं, यालाच माझा मूळ विरोध आहे. वनस्पती जनुकसंपत्तीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये मंजूर झाला, त्यात शेतकऱ्यांचे हक्क मान्य केलेत, पण अंमलबजावणी ज्या त्या सरकारवर सोडली. पैसे द्या, मग जुनी वाणं पेरायला सांगा.

बीजराखण
मान्य. नुसत्या गौरवपत्राने घर चालत नाही. पण पैशाबरोबर बीही परत जायला हवं. पेरूतल्या लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने अँडीज पर्वतातल्या गावांना त्यांच्याकडून हरवलेली वाणं आपल्या संग्रहातून परत दिली आणि ती पुन्हा तिथल्या उतारांवर लागली. पेढीने असंही वागावं.

भरघोस
तशी योजना त्या त्या पिकाच्या मूळ प्रदेशात, ठरावीक क्षेत्रावर करा, मी विरोध करणार नाही. सरसकट सगळ्यांवर लादू नका, एवढंच.