मदत हवी आहे : जुन्या मराठी विनोदी सिनेमांतले छोटे प्रसंग सुचवा

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत गणपतीत एका संध्याकाळी जुन्या विनोदी सिनेमांतले निवडक तुकडे दाखवायचेत. अट एकच, हिरो नको! मधेच येऊन भाव खाऊन जाणारी मंडळी हवीत.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मधले सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार नक्की. सगळे धनंजय माने म्हणत बसतात, पण खरी मजा या पुणेरी मालकाच्या वैतागात आहे, असं माझं ठाम मत. ‘धूमधडाका’ (१९८५) मधले शरद तळवलकरही ठरले. व्याही म्हणून समोर आलेल्या अशोक सराफांच्या ‘व्याख्या विख्खी वुख्खू’पुढे त्यांचा चेहरा बघा. समोरच्याचं ऐकून घेण्यातही केवढा विनोद असतो!

अडलंय ते कृष्णधवल काळात. दामूअण्णा मालवणकर हवेतच, त्यांनी तिरळ्या नजरेने नुसतं बघितलं तरी आमचे आजोबा खो खो हसायचे. पण त्यांचा कुठला प्रसंग पाच-सात मिनिटांत, आगापीछा न सांगता पोरांना कळेल? स्त्री कलाकारही सुचवा, यादीत सगळे बाप्येच झालेत. आणि पडद्यावर लावण्याजोग्या बऱ्या प्रती पुण्यात कुठे मिळतील? युट्यूबवरच्या फारच धुरकट आहेत.