मदत हवी आहे: उघड्या फटीतले पाणी गोठून खडक कसा फुटतो?

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्यामुळे फटीत साचलेले पाणी खडक फोडते, असे सांगितले जाते. परंतु फट वरून उघडी असेल, तर वाढणारा बर्फ कडेच्या कठीण भिंतींवर दाब देण्याऐवजी सरळ मोकळ्या बाजूला का सरकत नाही? वरचा थर आधी गोठून बुचासारखा बसतो व खालचे पाणी कोंडले जाते, हे उत्तर रुंद भेगेपुरते पटते. केसाएवढ्या बारीक चिरेत मात्र दुसरेच स्पष्टीकरण दिले जाते: शून्याखालीही बर्फ आणि खडक यांच्यामध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर द्रवरूप राहतो, आणि त्यातून आजूबाजूच्या छिद्रांतले पाणी ओढून घेत बर्फ वाढत जातो. मला हेच अधिक सयुक्तिक वाटते, कारण गोठताना आकुंचन पावणाऱ्या बेंझीन या द्रवाने भिजलेली मातीही गोठताना फुगते, हे अमेरिकी भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३० मध्ये दाखवले होते.

ग्रॅनाइटसारख्या अल्पसच्छिद्र खडकात यांपैकी कोणती क्रिया प्रभावी ठरते, आणि फुटलेल्या पृष्ठभागाच्या निरीक्षणावरून ती ओळखता येते का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.