नेपाळमधील खेड्यात युवा नेतृत्व शिबिर : तारखा, अभ्यासक्रम आणि परवानग्यांबाबत मार्गदर्शन हवे

अजनीकर : नमस्कार. नागपुरातील आमचा गट दर उन्हाळ्यात विदर्भातील खेड्यांत निवासी शिबिरे घेतो. नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातील एका गावच्या युवक मंडळाने पुढील वर्षी १६ ते २२ वयोगटासाठी असेच नेतृत्व शिबिर घेण्याकरिता आम्हांला बोलावले आहे. निवास-भोजनाची व्यवस्था ते गावच्या शाळेत करणार असून प्रशिक्षक आणि साहित्य आमचे असेल. सकाळी श्रमदान, दुपारी वक्तृत्व व संघटनकौशल्य यांवरील सत्रे, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम आणि अखेरच्या दिवशी प्रमाणपत्र वाटप, असा आराखडा तयार आहे. जूनचा दुसरा आठवडा सोयीचा ठरेल का, आणि हा अभ्यासक्रम तेथे उपयोगी पडेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वैनगंगाकाठ : मी काही वर्षे नेपाळमधील बुटवल येथे नोकरीला होतो, त्या आधारावर लिहितो. जून टाळावा. पाऊस सुरू झाला की बुटवलहून पाल्पाकडे जाणाऱ्या सिद्धार्थ महामार्गावर सिद्धबाबा परिसरात दरडी कोसळतात आणि वाहतूक तासन्‌तास अडकून पडते. शिवाय असार महिना (जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत) हा भाताच्या रोवणीचा, म्हणजे ज्या तरुणांसाठी शिबिर घ्यायचे तेच बांधीत उतरलेले असणार. त्यापेक्षा एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मे महिन्याचा आरंभ, म्हणजे वैशाख, उत्तम. दहावीची एसईई परीक्षा साधारणपणे चैत्रात आटोपते आणि अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत मुले मोकळी असतात. ज्यांना परवडते ती बुटवलला किंवा काठमांडूला ब्रिज कोर्सला, म्हणजे अकरावीच्या पूर्वतयारीच्या वर्गांना, निघून जातात. गावात उरतात ती बहुतेक खर्च न झेपणाऱ्या घरांतली, आणि माझ्या मते शिबिर मुख्यतः त्यांच्यासाठीच असायला हवे.

अभ्यासक्रमाबद्दल स्पष्टच लिहितो, राग मानू नये. वक्तृत्वाची सत्रे नागपुरातही होतात. त्यासाठी सीमा ओलांडण्याचे कारण नाही. २०१५ च्या संविधानानंतर नेपाळमध्ये ७५३ स्थानिक पालिका अस्तित्वात आल्या आणि प्रत्येक वडाला, म्हणजे प्रभागाला, निवडून आलेली पाच जणांची समिती मिळाली. तिच्यात अध्यक्षाखेरीज चार सदस्य असतात व त्या चारांत दोन महिला, त्यांपैकी एक दलित, असणे बंधनकारक आहे. उमेदवारीसाठी किमान वय २१ आहे, म्हणजे तुमच्या शिबिरातली काही मुले पुढच्याच निवडणुकीला उभी राहू शकतात. पालिकेचा अर्थसंकल्प असार १० पर्यंत सभेत मांडावा लागतो आणि त्यापूर्वी वस्तीपातळीवर योजना निवडण्याच्या बैठका होतात. शिबिरार्थींनी गावातील एकच प्रश्न घ्यावा, समजा आटलेला पाण्याचा झरा. त्याची पाहणी करावी, किती घरांना त्रास होतो ते मोजावे, अंदाजपत्रक करावे आणि तो प्रस्ताव वडाच्या बैठकीत स्वतः मांडावा. त्यासाठी बैठकीची तारीख वड कार्यालयातून आधी मिळवा आणि शिबिर तिच्या अगोदर बसवा. प्रमाणपत्रे वाटायची तर जरूर वाटा, पण त्यानंतर. श्रमदान मात्र ठेवाच. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीची परंपरा ज्या भागात आहे, तेथल्या माणसांना त्याचे महत्त्व मी काय सांगावे?

तहसील चौक : कागदपत्रांबाबत थोडक्यात. भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, परंतु प्रौढांसाठी केवळ आधार कार्ड हा मान्य प्रवासदस्तऐवज नाही. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्राची मूळ प्रत जवळ असावी. रेल्वेने गोरखपूर आणि तेथून सीमेवरील सोनौलीमार्गे नेपाळमधील भैरहवा, हा रस्ता सोयीचा. तुमचा गट नोंदणीकृत न्यास असेल, तर भारताबाहेर केलेल्या खर्चावर करसवलत मिळण्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. सनदी लेखापालाशी आधी बोलावे. नेपाळमध्ये परदेशी संस्थांना समाज कल्याण परिषदेमार्फत आणि स्थानिक भागीदारासह काम करावे लागते, म्हणून यजमान मंडळाने तेथे व पालिकेत विचारणा करून लेखी उत्तर घेतलेले बरे.

अजनीकर : दोघांचेही आभार. वैनगंगाकाठ सर, तारखा वैशाखात नेतो आणि दुपारच्या सत्रांची फेररचना करतो. मात्र यजमानांनी पाठवलेल्या नावांत मुली फारच कमी आहेत. त्याचे काय करावे?

शुभदा, प्रतापनगर : दादा, नावे मंडळाकडून न मागवता गावातील आमा समूहाकडून, म्हणजे मातांच्या गटाकडून, मागवा. डोंगरी गावात घरे विखुरलेली असतात आणि शाळेपर्यंतची पायवाट तासाभराची असू शकते, त्यामुळे “रात्री परत कोण आणून सोडणार?” हाच आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो. मुलींच्या मुक्कामाच्या खोलीत समूहातील दोघी-तिघी महिला राहतील, हे आधीच ठरवून घरोघरी सांगा. तुमच्या प्रशिक्षकांतही निदान दोन स्त्रिया असू द्या. ज्यांना मुक्काम शक्य नाही त्यांना दिवसापुरते येण्याची मुभा ठेवा आणि महत्त्वाचे काम रात्रीच्या कार्यक्रमात ढकलू नका. अठरा वर्षांखालील प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती घ्या. आणखी एक : तो भाग मगर समाजाचा आहे, सत्रे स्थानिक तरुणांनाच चालवू द्या. तुम्ही मागे बसलात तरी चालेल.