'मसल'ला शिनाणे म्हणावं का?

खाडीकाठ : गालापागोसजवळ खोल समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांच्यावरचा मजकूर मराठीत आणतेय. तिथल्या एका मसलला, म्हणजे दोन शिंपांच्या प्राण्याला, १९८५ साली 'बॅथिमोडिओलस थर्मोफिलस' हे नाव मिळालं. कोशात 'शिंपला' आहे, पण पुढच्याच ओळीत क्लॅम येतात आणि तेही शिंपलेच. 'मसल' तसंच ठेवावं तर वाक्य होतं, 'मसलचा मागचा मसल मोठा असतो', कारण स्नायूही मसलच. मी कोकणातलं 'शिनाणे' लिहिलं. संपादकांनी खोडलं, बोलीतला शब्द म्हणून.

मालवणी माणूस : खोडू देऊ नका, ताई. 'तिसऱ्या', म्हणजे तुमचे क्लॅम, वाळूत रुततात, शिनाणे खडकाला धरतात. ओहोटीला एक ओढलात तर बुडाशी तपकिरी धाग्यांचा पुंजका ताणून येतो आणि शेजारचे दोन सोबत निघतात. हा फरक 'शिंपला' म्हणून कसा कळणार?

शब्दनिष्ठ : पण शिनाणे म्हणजे हिरव्या कडेचे, पर्ना व्हिरिडिस. खोल अंधारात कल्ल्यांतल्या जिवाणूंच्या जोरावर जगणाऱ्याला ते नाव देणं चूक आहे. धागे हीच खूण असेल तर 'सूत्रशुक्ती' घडवा.

मालवणी माणूस : आणि वाचणार कोण ते?

दक्षिणवासी : दोघांचं कूळ एकच, मायटिलिडी. मग कुळाला 'शिनाणे' म्हणायला काय हरकत? इकडे केरळात 'कल्लुम्मक्काय' म्हणतात, कल्लु म्हणजे दगड, काय म्हणजे फळ. इथल्या तपकिरी जातीला १९७६ मध्ये 'पर्ना इंडिका' नाव दिलं, पुढे जनुकं तपासल्यावर ती आफ्रिकेतली 'पर्ना पर्ना'च निघाली. शास्त्रातलं नाव बदललं, बाजारातलं नाही.

जुना वाचक : मसलचा घोळ मुळातलाच आहे. प्राणी आणि स्नायू, दोन्ही शब्द लॅटिन 'मस्क्युलस'वरून, म्हणजे छोटा उंदीर. शिवाय पर्नात पुढचा स्नायू मोठेपणी उरतच नाही, तेव्हा तुमचं वाक्य सगळ्या शिनाण्यांना लावू नका.

रत्नागिरीची : आमची आजी उकडल्यावर केशरी निघालेले पानात वाढायची आणि पांढरट बाजूला काढायची, कच्चे म्हणून.

जुना वाचक : कच्चे नव्हेत, ते नर. केशरी त्या माद्या.

रत्नागिरीची : म्हणजे इतकी वर्षं आम्ही नर टाकत होतो! चवीत मात्र फरक असतो, हे मी सोडणार नाही.

मालवणी माणूस : चवीत काही फरक नाही. मसाला वाटलेला ताजा हवा.

खाडीकाठ : सगळ्यांचे आभार, पण आता दुसरीच अडचण. वाक्यात प्राणी एकच आहे. एकवचन काय लिहू, शिनाणं की शिनाणा?

मालवणी माणूस : एकटं कधी हातात आलंच नाही हो. आईला विचारून सांगतो.